मदत हवी आहे: जुन्या हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून वापरायच्या आहेत (कोल्हापूर)

सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी. घरच्या आणि शाहूपुरीतल्या दुकानाच्या मिळून चार जुन्या हार्ड डिस्क पडून आहेत. जमेल त्या केसिंग (डिस्क यूएसबीने लावायचा डबा) घालून परत वापरात आणायच्या आहेत.

१) लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबी, २.५ इंची, साटा (डिस्कची आजची नेहमीची जोडणी). लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, डिस्क तोवर चालू होती. यात घरचे फोटो आहेत, दुसरी कॉपी नाही.
२) ३ टीबी, ३.५ इंची, साटा. तयार एक्स्टर्नल होती. यूएसबी पोर्ट तुटला म्हणून कवच उघडून काढली.
३) ८० जीबी, ३.५ इंची, चपट्या रुंद केबलची. दुकानाचा जुना टॅलीचा डेटा असावा.
४) ३२० जीबी, २.५ इंची, साटा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दुकानात पाण्याखाली गेली. तेव्हापासून कुणी लावलेली नाही.

शेजाऱ्यांकडून एक २.५ इंची केसिंग आणि एक डॉक (डिस्क उघडीच खोचायचा स्टँड) आणलाय. ५०० जीबीची केसिंगमध्ये घालून पीसीच्या पुढच्या पोर्टला लावली की दिवा लागतो, टक टक आवाज येतो, बंद पडते, परत तेच. दुकानदार म्हणतात डिस्क गेली. ३ टीबीची डॉकवर लावली तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ७४६ जीबी दिसते आणि इनिशियलाइझ करायला सांगते. मी काहीच दाबलेलं नाही. कशाला कोणती केसिंग घ्यायची आणि आधी काय करायचं?

उद्यमनगर_१२व्ही

ताई, काही दाबलं नाहीत हे फार चांगलं केलंत. इनिशियलाइझ केलं की पार्टिशनचा तक्ता नव्याने लिहिला जातो. डेटा लगेच पुसला जात नाही, पण तो कुठून सुरू होतो याची नोंद जाते आणि काम दहापट वाढतं.

५०० जीबीच्या डिस्कला एवढ्यावरून गेली म्हणू नका. २.५ इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते. तबकडी फिरायला लागताना तिला १ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, एकदा वेग घेतला की निम्म्याहून कमी पुरतो. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर, ३.० ची ९००. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून बारीक तार आलेली असते, तिच्यात व्होल्टेज आणखी पडतं. ४.७५ च्या खाली गेलं की डिस्क हेड (तबकडी वाचणारा भाग) जागेवर ओढून घेते, मोटर थांबवते आणि पुन्हा सुरुवात करते. तुम्हाला ऐकू येणारी टकटक हीच असण्याची शक्यता जास्त.

हे करून बघा. केसिंग पीसीच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या निळ्या पोर्टला लावा. केबल आखूड घ्या, ३० सेंटिमीटरपर्यंतची. मोबाइल चार्जिंगच्या मीटरभर लांब बारीक केबलने ही डिस्क उठणार नाही. तरीही जमलं नाही तर दोन यूएसबी टोकांची वाय केबल, किंवा स्वतःचा ५ व्होल्टचा अडॅप्टर असलेला हब.

कान देऊन ऐका, फरक कळतो. वीज कमी पडत असेल तर फिरण्याचा आवाज चढता चढता मध्येच तुटतो. हेड खराब असेल तर डिस्क पूर्ण वेग घेते, मग एका लयीत ठोके पडतात आणि ती स्वतःहून थांबते. हा दुसरा आवाज चांगल्या पोर्टवरही आला तर लगेच काढा, पुन्हा पुन्हा लावू नका. प्रत्येक वेळी ते हेड तबकडीवर घासत असू शकतं.

३.५ इंचीचं गणित वेगळं. तिला मोटरसाठी १२ व्होल्ट आणि सर्किटसाठी ५ व्होल्ट लागतात, म्हणून नुसत्या यूएसबीवर ती कधीच चालत नाही. केसिंगबरोबर १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर हवा. १ अँपिअरचा राउटरचा अडॅप्टर पिनेत बसतो, पण सुरुवातीच्या झटक्याला पुरत नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर तर चुकूनही लावू नका, बऱ्याच चार्जरची पिन सारखीच असते. डिस्कच्या बोर्डवर जादा व्होल्टेज अडवणारे दोन छोटे डायोड असतात, एक १२ चा आणि एक ५ चा. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि डिस्क पूर्ण निपचित पडते. असं झालंच तर बोर्ड बदलण्याच्या भरीला पडू नका. बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं लिहिलेली असतात, नुसता सारख्या मॉडेलचा बोर्ड लावून चालत नाही. शॉर्ट झालेला डायोड चांगल्या सोल्डरिंगवाल्याकडून काढून घेतला की बहुतेकदा डेटा उतरवण्यापुरती डिस्क उठते.

अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा.

करवीर_बिट

३ टीबीबद्दल. ७४६ हा आकडा ओळखीचा आहे. जुन्या डॉकमधली चिप सेक्टरचा (डिस्कवरच्या सगळ्यात लहान कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांतच मोजते. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर ती २.२ टीबीपर्यंत पोचते आणि पुढे परत शून्यापासून मोजायला लागते. ३ टीबीतून ते वजा केलं की उरतात सुमारे ८०० जीबी, तेच विंडोज १०२४ च्या हिशेबाने ७४६ म्हणून दाखवतं. डिस्कला काही झालेलं नाही. पण या डॉकवर तिच्यावर एक फाइलही लिहू नका, ती भलत्याच जागी जाऊन आतला डेटा दाबेल.

८ टीबी किंवा त्याहून जास्त क्षमता चालते असं स्पष्ट छापलेला डॉक घ्या. चिपचं नाव कळलं तर उत्तम: जेएमएस५७८ किंवा एएसएम११५३ई असेल तर या तक्रारी सहसा येत नाहीत, आणि स्मार्टची (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) माहितीही यूएसबीवरून वाचता येते.

आता खरी अडचण. नव्या डॉकवर डिस्क पूर्ण ३ टीबी दिसेल, तरीही विंडोज कदाचित फॉरमॅट करायला सांगेल. काही तयार एक्स्टर्नलमधला बोर्ड डिस्कचे ५१२ बाइटचे आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ चा एक सेक्टर म्हणून दाखवायचा. पार्टिशनचा तक्ता त्याच मापाने लिहिलेला असतो. बोर्ड गेला की माप बदलतं, तक्त्यातले आकडे भलतीकडे बोट दाखवतात. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करा आणि लॉसेटअप (losetup) आज्ञेने ती डिस्क सेक्टरचा आकार ४०९६, फक्त वाचनासाठी आणि पार्टिशन शोधण्याच्या पर्यायासह जोडा. आतलं पार्टिशन उघडलं तर फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, मग मूळ डिस्क नव्याने फॉरमॅट करा.

तेही उघडलं नाही तर एन्क्रिप्शनची (डेटा किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात असण्याची) शंका घ्या. काही मॉडेलमध्ये तुम्ही पासवर्ड कधीच लावला नसला तरी यूएसबी बोर्डवरची चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहिते. तो जुना बोर्ड टाकला नसेल ना? जपून ठेवा. पोर्टच तुटला असेल तर नवा पोर्ट सोल्डर करून घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, राजारामपुरीतले मोबाइल दुरुस्तीवाले हे काम रोज करतात. खरं तर मी सुरुवात तिथूनच करीन.

८० जीबीची डिस्क आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) आहे. तिला ४० पिनांची डेटा केबल आणि वेगळी चार पिनांची वीज लागते. कायमचं केसिंग घेण्यात अर्थ नाही, साटा आणि आयडीई दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर घ्या, त्याबरोबर १२ आणि ५ व्होल्टचा अडॅप्टर येतो. मागचा जंपर मास्टरवर ठेवा, स्लेव्ह किंवा केबल सिलेक्टवर बरेच कन्व्हर्टर डिस्क ओळखत नाहीत. नेमका कुठे लावायचा ते लेबलवर काढलेलं असतं. जोडताना मधली एक पिन नसते ती जागा जुळवून बघा, जोर लावला तर पिना वाकतात. आधी वीज द्या, डिस्कने वेग घेतला की यूएसबी लावा. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी मिळतात, म्हणजे अख्खी ८० जीबी पाऊण तासात उतरते. टॅलीमध्ये आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, ते आतल्या सगळ्या फाइलींसकट उचला. नंतर ही डिस्क पुन्हा वापरात घेऊ नका, आजच्या पेनड्राइव्हमध्ये तेवढी जागा मिळते.

पंचगंगा_काठ

चौथ्या डिस्कबद्दल कळकळीने सांगतो, कारण पूर आला की आपल्याकडे हा प्रश्न दारोदार असतो. ती डिस्क वीज देऊन बघू नका. एकदाही नको.

हार्ड डिस्क हवाबंद असते असा समज आहे, तो हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर खरा नाही. झाकणावर फिल्टर लावलेलं एक बारीक भोक असतं, आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. पुराचं पाणी तिथून आत गेलं असेल तर वाळल्यावर गाळ आणि क्षार तबकडीवर बसलेले असणार. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, गाळाचा कण त्याच्या शेकडो पट मोठा. एकदा फिरवली की हेडही जातं आणि तबकडीवर ओरखडाही उठतो, मग प्रयोगशाळेलाही हात लावता येत नाही. घरी झाकण उघडून पुसणं, उन्हात ठेवणं, तांदळात पुरणं, यातलं काहीच नको.

आत लागणारा डेटा असेल तर स्वच्छ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि पुरात भिजलेली आहे हे आधी सांगा. तपासणीचं शुल्क आणि डेटा न मिळाल्यास पैसे किती, हे लेखी घ्या. डेटा नको असेल तर केसिंगचा खर्च यावर करू नका. ग्राहकांचे हिशेब असतील तर भंगारात देण्याआधी तबकडी मोडा, पण जपून: लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, हातोडीने तिच्या ठिकऱ्या उडतात. जाड कापडात गुंडाळून, चष्मा घालून मगच.

पुढच्या पावसाळ्यासाठी नोंद: डिस्क नुकतीच भिजली असेल तर सुकवू नका. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकर पोचवा. गाळ वाळून चिकटला की काम अवघड होतं.

सातवी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या निळ्या पोर्टला आखूड केबलने ५०० जीबी लगेच दिसली! पण माझ्या नावाचा फोल्डर उघडला की परवानगी नाही म्हणतंय. कंटिन्यू दाबू का? आणि ३ टीबीचा जुना बोर्ड सापडला, पोर्टसाठी उद्या देते.

करवीर_बिट

कंटिन्यू दाबलं तर विंडोज प्रत्येक फाइलवर नवीन परवानगी लिहीत बसतं. एकुलती एक कॉपी असलेल्या जुन्या डिस्कवर लिहिणं टाळा. त्याच लिनक्स पेनड्राइव्हवरून उघडा, तिथे विंडोजच्या परवानग्या आड येत नाहीत. डिस्क कुलूपबंद दिसली तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आहे, त्याची ४८ आकडी किल्ली बहुधा लॅपटॉपवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

क्रम लक्षात ठेवा: आधी फोटो कॉपी, मग तपासणी. पूर्ण स्कॅन हा डिस्कवर ताणच असतो, डेटा सुरक्षित होण्याआधी तो देऊ नये. कॉपी करताना एखाद्या फाइलवर अडकून पडली तर तिथेच थांबा आणि डीडीरेस्क्यूने (ddrescue, लिनक्सवरचं डेटा उचलायचं साधन) अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब भागाकडे शेवटी वळतं, आणि मॅपफाइल (कुठवर झालं याची नोंद) दिली की मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं.

फोटो दोन ठिकाणी झाले की क्रिस्टलडिस्कइन्फो (विंडोजवरचं स्मार्ट वाचणारं सॉफ्टवेअर) लावा. कच्चे आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, फंक्शन मेनूतल्या प्रगत पर्यायांत दहाची पद्धत निवडा. ०५, सी५, सी६ या तीन ओळी शून्य हव्यात. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर. जुना, न वाढणारा छोटा आकडा चालून जातो. सी६ म्हणजे दुरुस्त न करता आलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. त्यासाठी क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, त्यामुळे डिस्कला त्या सेक्टरचा निकाल लावावाच लागतो. ५०० जीबीला यूएसबी ३.० वर दोनेक तास लागतील. नंतर सी५ शून्य झाला आणि ०५ थांबला तर डिस्क वापरा. पुन्हा वाढला तर सोडून द्या.

गोकुळ_शिरगाव

टीव्हीला लावायची असेल तर फॉरमॅटचा विचार आधी करा. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. एक्सफॅट जुने टीव्ही वाचत नाहीत, एनटीएफएस बहुतेक वाचतात. टीव्हीचा यूएसबी पोर्ट मात्र अनेकदा ५०० मिलीअँपिअरचाच, तिथेही टकटक येईल, तेव्हा वीजवाला हब लावा.

आणि कुणाकडे सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क असेल तर ती विंडोजवर रिकामी दिसते, कारण तिची मांडणी वेगळी असते. चित्रण हवं असेल तर डीव्हीआरमधूनच उतरवा.

सातवी_गल्ली

फोटो लिनक्सवरून दोन ठिकाणी उतरले. ०५, सी५, सी६ शून्य. पण सी७ समोर ३८ आहे, तो काय?

उद्यमनगर_१२व्ही

सी७ ही डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीतल्या चुकांची मोजणी. तबकडीशी संबंध नाही, आणि हा आकडा कधी कमी होत नाही. बहुतेक जुन्या लॅपटॉपमधल्या सैल जोडणीचा असेल. लिहून ठेवा, २०-३० जीबी कॉपी करून परत बघा. ३८ वरच राहिला तर विसरून जा. वाढला तर डिस्कच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन परत बसवा, आणि तरीही वाढतच असेल तर केसिंग दुकानात बदलून घ्या.