फिग्मा येतं, चित्रं येत नाहीत
भाची इंजिनिअर आहे, फिग्मा (ॲपचे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) येतं पण चित्रं काढता येत नाहीत, तर यूएक्स, म्हणजे ॲप वापरायला सोपं जावं याचं डिझाइन, शिकायला जमेल का, असं कुणीतरी विचारलंय. जमेल की! आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइन विभाग, १९६९ पासूनचं. तिथल्या इंटरॅक्शन डिझाइनच्या एम.डेस.ला (डिझाइनमधली मास्टर्स पदवी) इंजिनिअर चालतात, पण त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या दुसऱ्या भागात हाताने स्केच काढावं लागतं, तेव्हा रोज थोडी पेन्सिल चालवू दे. सुबक नसलं तरी कल्पना कळली पाहिजे.

फिग्मा काय, महिन्याभरात येतं. माझी खरी दमछाक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. कॉलेजात असताना तिकीट आरक्षणाच्या एका ॲपच्या चाचणीसाठी शेजारच्या काकूंना बसवलं होतं. ओटीपी आला, तो बघायला त्या मेसेजमध्ये गेल्या, परत येतात तर फॉर्म कोरा! तीनदा तेच. शेवटी म्हणाल्या, "मलाच मेलीला जमत नाही." मी मदतीला हात पुढे केला, तर सरांनी डोळे वटारले. नुसतं बघायचं, बोलायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ते जमायला अख्खं सेमिस्टर लागलं.

आणि हो, पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामाच्या संग्रहात, तिने चकचकीत स्क्रीन कमी ठेवून असे फसलेले प्रयोगच जास्त दाखवावेत.