टायटेनियमवर प्रथिन किती बसलं? एक्सपीएसचा आकडा पुरतो का?

मूळ मत
माझ्या मते पुरतो. एक्सपीएस म्हणजे क्ष-किरण टाकून पृष्ठभागातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणं; आलेखातल्या शिखरांवरून कोणतं मूलद्रव्य किती ते कळतं. तुकडा यूव्ही-ओझोनमध्ये १५-२० मिनिटं साफ करा, बफरमधल्या (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातल्या) अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनात बुडवा, धुवा, वाळवा, मोजा. ४०० इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचं नायट्रोजनचं आणि २८८ जवळचं अमाइड कार्बनचं शिखर सोबत वाढलं तर थर प्रथिनाचाच. टायटेनियमचं शिखर किती दबलं यावरून जाडी निघते. याउलट एएफएम, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभाग चाचपून उंची मोजणारं यंत्र, त्यात दिसणारा उंचवटा प्रथिनाचाच, हे कशावरून? पॉलिशचे ओरखडे कित्येकदा अल्ब्युमिनपेक्षा उंच असतात.

प्रतिसाद १
जाडी काढायचं ते सूत्र थर सलग धरून चालतं, आणि गफलत तिथेच होते. समजा अर्ध्या भागावर ४ नॅनोमीटरचा थर आहे, बाकी उघडं. क्षीणन-लांबी (जेवढ्या जाडीतून येताना इलेक्ट्रॉनांचा सिग्नल सुमारे ३७ टक्क्यांवर येतो ती) ३ नॅनोमीटर धरली तर टायटेनियमचा सिग्नल ६३ टक्के उरतो आणि सूत्र १.४ नॅनोमीटर देतं. खरी सरासरी २, आणि १.४ जाडीचं तर तिथे कुठेच काही नाही! ओरखड्यांचा प्रश्न सुटतो: सिलिकॉन वेफरवर स्पटर केलेला टायटेनियमचा थर वापरा. एएफएमने द्रवातच, मऊ कँटिलिव्हरने (सुई धरणाऱ्या लवचीक पट्टीने), टॅपिंग मोडमध्ये (सुई घासत न नेता टकटक करत) बघा. उंचीवर विश्वास ठेवा, रुंदीवर नको. सुईच्या टोकाची त्रिज्या ८-१० नॅनोमीटर असली की प्रत्येक रेणू फुगलेला दिसतो.

मूळ मत मांडणाऱ्याचं उत्तर
तुटक थर एक्सपीएसलाही पकडता येतो. तुमच्याच उदाहरणात नमुना ६० अंशांनी कलवला तर जाडी ०.९ येते. सलग थराला दोन्ही कोनांत एकच आकडा यायला हवा.

प्रतिसाद १
गुळगुळीत वेफरवर, हो. खडबडीत इम्प्लांटवर कोनच ठिकठिकाणी वेगळा, मग तो फरक थराचा की खडबडीतपणाचा?

प्रतिसाद २
दोघंही धुण्यावरून घाईत पुढे गेलात. द्रावणाच्या पृष्ठभागावर उलगडलेल्या प्रथिनाची साय असते. तुकडा सरळ वर उचलला की ती त्याला चिकटते, आणि मग दोन्ही यंत्रं तिलाच इमानेइतबारे मोजतात. तुकडा बुडालेलाच ठेवून भांड्यातलं द्रावण ताज्या बफरने पाच-सहा वेळा बदला, शेवटी शुद्ध पाण्याने. पाणी टाळलं तर वाळल्यावर मिठाचे स्फटिक उरतात. कोरा तुकडाही त्याच बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवा: बफरमधलं फॉस्फेट टायटेनियमच्या ऑक्साइडला घट्ट धरतं, हवेतला कार्बनही बसतो, आणि टायटेनियमचं शिखर प्रथिनाशिवायच दबतं. १३३ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ फॉस्फरस दिसतोय का, ते आधी बघा.