शिबिरानंतर कार्यकर्त्यांना फोन कोण करतं?

ताई, तुम्ही लिहिलंत की शिबिर संपलं की चर्चच्या तरुण संघाचे दोन-तीन कार्यकर्ते गळतात, म्हणून पगारी माणूस ठेवावा. पगाराला माझा विरोध नाही. 1780 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल (मुलांचे रविवारचे वर्ग) सुरू केलं, तेव्हा शिकवणाऱ्या बायकांना ते पैसे देत. विनामोबदला शिकवणारे नंतर आले. पण आपल्याकडे गळती पैशामुळे होते असं मला वाटत नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मुलगी सहा वर्षं लहान मुलांचा वर्ग घ्यायची. खडू, रंग, नाताळच्या नाटकाचे पंखसुद्धा स्वतःच्या पैशाने. वही बघितली तर प्रत्येक मुलाच्या नावापुढे वाढदिवस आणि 'आजी आजारी' अशा नोंदी. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तीन रविवार आली नाही. कमिटीतून एकच निरोप गेला: वर्ग कोण घेणार? ती परत आलीच नाही, आणि मी तेव्हा त्याच कमिटीत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बायबलमधल्या निर्गमच्या 18 व्या अध्यायात इथ्रो आपला जावई मोशे याला आधी सांगतो की तू थकून जाशील, मग कामाची वाटणी सुचवतो. आता आम्ही प्रत्येक वर्गाला दोघं ठेवतो, महिन्यात एक रविवार सुट्टी, आणि खर्चाची पावती त्याच आठवड्यात चुकती करतो. दर बुधवारी एक वडीलधारी बाई कार्यकर्त्यांना फोन करतात. कामाबद्दल त्या काही विचारत नाहीत, फक्त घरचं कसं चाललंय एवढंच.