बोस्टन फर्न पिवळा पडतोय, हंसराज वाळलाय: जागा बदलू, माती बदलू की झाडंच बदलू?

ओलीमाती:
खोलीला मोठी खिडकी आहे, थेट ऊन आत येत नाही. खिडकीपासून चारेक फुटांवर शेल्फ आहे, दिवसा तिथे दिवा न लावता वाचता येतं. एसी रोज सहा-सात तास. बोस्टनच्या पानांची टोकं तपकिरी झालीत, आतली पानं बुडापासून पिवळी पडताहेत, हात लावला की पाती झडतात. हंसराज (मेडनहेअर फर्न) तर पार कुरकुरीत. रोज सकाळी थोडं थोडं पाणी घालते, दोनदा फवारा मारते. खत कमी पडतंय का? आणि भिंतीवर फळीवर लावतात तो स्टॅगहॉर्न या खोलीत जगेल का?

पानोपानी:
खताचा विषय तूर्त बाजूला ठेवा. टोकं तपकिरी होणं आणि बुडापासून पिवळं पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

टोकं जळतात ती कोरड्या हवेमुळे किंवा मातीत साठलेल्या क्षारांमुळे. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरा थर दिसतोय का बघा. दिसत असेल तर पाणी जड आहे किंवा खत जास्त झालंय. वरचा थर खरवडून काढा आणि कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्या. पुढे पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरलंत तर उत्तम.

पिवळेपणासाठी मुळं बघावी लागतील. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा. एक लक्षात ठेवा, ‘पांढरी मुळं म्हणजे निरोगी’ हा नियम नेच्यांना, म्हणजे फर्नना, लावू नका. त्यांची चांगली मुळंही काळपट तपकिरी, तारेसारखी असतात. रंग न बघता दाबून बघा. लिबलिबीत लागली आणि कुबट वास आला तर सडली आहेत. मुळांचाच गठ्ठा झाला असेल तर फक्त एक माप मोठी कुंडी घ्या.

रोज थोडं पाणी घालण्याची सवय मात्र आजच सोडा. त्याने वरचा एक इंच कायम ओला राहतो आणि खालची मुळं कोरडी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही. पाणी कडेने निसटून बशीत येतं आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. अशी कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावी. एरवी बोट पेराएवढं घालून वरची माती सुकत आल्यासारखी वाटली की खालून निथळेपर्यंत पाणी द्या, वीस मिनिटांनी बशी रिकामी करा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली की बोटही घालावं लागत नाही.

कुंडीतलं_रान:
वरच्याशी सहमत, फक्त फवाऱ्याबद्दल बोलतो. फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत उडून जाते, एसीत तर लगेचच. कुंडीखाली खडे आणि पाणी भरून ठेवतात त्या ताटलीचाही उपयोग नावापुरताच. ह्युमिडिफायर ठेवा, नाहीतर झाडं एकमेकांजवळ ठेवा आणि एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही एवढं बघा. साधा आर्द्रतामापक घ्या. ५०% च्या वर बोस्टन खूश असतो, हंसराजाला ६०% च्या पुढे हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खोली बघून नेचा घ्यावा, नेच्यासाठी खोली बदलायला जाऊ नये. या शेल्फवर बर्ड्स नेस्ट, ब्लू स्टार किंवा होली फर्न ठेवा. जाड, चिवट पानांचे असल्यामुळे कोरडी हवा बऱ्यापैकी सोसतात. बटन फर्नला तर दोन पाण्यांमध्ये माती थोडी सुकलेली आवडते. बर्ड्स नेस्टला पाणी कडेने द्या, मधल्या वाटीत साचलं तर गाभा कुजतो. त्याच वाटीतून उलगडणारी कोवळी पानं चाचपू नका, तिथे लागलेला ओरखडा पान मोठं झालं तरी दिसतो. बोस्टन खिडकीजवळ टांगा, पण पानं भिंतीला घासणार नाहीत इतक्या अंतरावर. हंसराज खिडकी असलेल्या न्हाणीघरात किंवा काचेच्या बंद बरणीत. (नर्सरीत ‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ म्हणून मिळतं ते नेच्यांपैकी नाहीच, त्याचे नियम इथे लावू नका.)

मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). खत नवी पानं फुटत असतानाच, महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं किंवा त्याहून कमी.

ओलीमाती:
धन्यवाद. वाळलेला हंसराज टाकून देऊ का? आणि बोस्टनच्या पानांखाली तपकिरी ठिपके आहेत, कीड आहे का? नीम तेल मारू?

पानोपानी:
थांबा, तेल नको! ठिपके प्रत्येक पातीच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत, नेच्याचं बी म्हणा ना. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही. ती देठावरही असते, नखाने उचलली जाते आणि आसपास चिकटपणा असतो. कीड निघालीच तर ओल्या कापसाने पुसून काढा, फार माजलेली पानं कापून टाका. बऱ्याच नेच्यांची पानं तेल आणि साबणाने करपतात, म्हणून काहीही मारायचं तर आधी एका पानावर मारून दोन-तीन दिवस बघा.

हंसराज मातीलगत कापा, माती ओलसर ठेवा, वर पारदर्शक पिशवी घाला. जमिनीलगतचा कंद टणक असेल तर काही आठवड्यांत गुंडाळलेले कोंब दिसतील. मऊ पडला असेल तर आशा सोडा.

फळीवरचा_नेचा:
स्टॅगहॉर्न जगेल, पण खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर. शेल्फमागच्या भिंतीवर उजेड कमी पडेल. चार इंची कुंडीतल्या रोपाला फूटभर चौरस फळी पुरे, फक्त रसायन मारलेलं लाकूड नको. मधोमध रोपापेक्षा थोडं मोठं वर्तुळ काढून त्यावर सात-आठ खिळे सेंटीमीटरभर वर ठेवून ठोका. स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) भिजवून पिळा आणि वर्तुळात पसरा. मुळांची अर्धी-अधिक माती झाडा, रोप मॉसवर ठेवा, आजूबाजूने आणखी मॉस भरा. मग मासेमारीची नायलॉन दोरी एका खिळ्यावरून समोरच्या खिळ्यावर अशी आडवीतिडवी ओढून घट्ट करा. दोरी बुडाशी चपटी असतात त्या ढालीसारख्या पानांवरून गेली तर चालते, मधल्या कोंबावरून नको. तो कोंब मॉसखाली पुरलात तर रोप गेलंच.

पाणी द्यायला फळी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा, निथळली की टांगा. आठवड्यातून एकदा, एसीच्या दिवसांत दोनदा. फळी उचलून हलकी लागली की वेळ झाली. ढालीची पानं तपकिरी होतात ती मेली म्हणून ओरबाडू नका, मुळांना त्यांचंच पांघरूण असतं. ती बुडाशी काळी, ओलसर पडली तर मात्र पाणी जास्त होतंय. शिंगांसारख्या पानांवरची पांढरट लव म्हणजे धूळ नव्हे, पुसू नका. फळीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, नाहीतर भिंतीला ओल येईल आणि मॉसही मागून वाळणार नाही.