अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच राजकारणातून मन उडाले तर काय करावे?

प्रश्न : एक मावशी, इंदूर
२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि आपल्या शहरात ‘नोटा’ला (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) २,१८,६७४ मते पडली, तेव्हा माझी भाची शाळकरी असूनही घरात रोज तावातावाने वाद घालत असे. आता ती अठराची होईल, पण मतदार यादीत नाव घालण्याचा विषय काढला की म्हणते, “मावशी, त्या मतांनी काय बदललं?” कर्तव्याची आठवण करून दिली की ती अधिकच गप्प होते. तिचा रस पुन्हा कसा जागवावा?

उत्तर : निवृत्त शिक्षक
तिचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचे खरे उत्तर द्यावे. लोकसभेत ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उरलेल्या उमेदवारांत सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, हे आपण मुलांना आधी सांगत नाही आणि मग ती निराश झाली की त्यांनाच दोष देतो. शिवाय राजकारण पाच वर्षांतून एकदाच येते, अशी त्यांची समजूत आपणच करून दिली आहे. आमच्या गल्लीतल्या तीन मुलांनी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात नव्या रस्त्याचे अंदाजपत्रक मागवले, टेप घेऊन रुंदी मोजली आणि ते कागद घेऊन पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, घरी गेली. काम अजून अर्धवटच आहे, पण ती मुले आता महापालिकेच्या अर्थसंकल्पाची बातमी शेवटपर्यंत वाचतात.

उत्तर : स्नेहलतागंजचा रहिवासी
सरांच्या म्हणण्यात एक भर घालावीशी वाटते. केवळ तक्रारी करत राहिले तर तरुण नागरिक न राहता ग्राहक होतात. रस्ता कोणाच्या दारात आधी व्हावा आणि त्यासाठी पैसा कुठून काढावा, हा वाद पक्षांत, सभांत आणि मतदानातच मिटतो. पार्षदपदाची निवडणूक वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर लढवता येते, विधानसभेसाठी मात्र २५ पूर्ण व्हावी लागतात. लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्रा महाजन यांची सुरुवातही १९८२ मध्ये आपल्याच महापालिकेतून झाली आणि १९८९ पासून त्या सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या. त्यांची मते पटोत वा न पटोत, ही वाट भाचीला दाखवण्यासारखी आहे.

उत्तर : महाविद्यालयीन विद्यार्थिनी
मावशी, मतदार यादीत नावासाठी सतरा वर्षे पूर्ण झाल्यावरही आगाऊ अर्ज भरता येतो. आता १ जानेवारीखेरीज एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही पात्रतेसाठी धरतात, त्यामुळे वर्षभर थांबावे लागत नाही. मात्र अर्जाआधी तिला कुठेतरी खरा अधिकार द्या. गणेशोत्सव मंडळात आम्हा मुलींकडे रांगोळी आणि निवेदन येते, वर्गणीचा हिशेब मात्र काकालोकांकडेच राहतो. तुमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत खर्चाच्या ठरावावर तिला बोलू द्या आणि तिचे मतही मोजा.