जिप्सी फोर-एलमधून निसटते, वर ट्रान्सफरचा आवाज. पूर्ण ट्रान्सफर बदलायचा का?

घाटमाथा_७

नमस्कार मंडळी. आमचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला. २००७ ची मारुती जिप्सी आहे, चारही चाकांना ताकद देता येणारी, तीन वर्षांपूर्वी घेतली. रोज दुधाचे कॅन खाली न्यायचे, राजूरच्या बाजारातून पेंड आणि खत वर आणायचं, काजव्यांच्या दिवसांत पाहुणे फिरवायचे, हेच तिचं काम. गाडी बंद म्हणजे आमचं दूध घरातच नासतं.

गेल्या आठवड्यात जे झालं त्यानं झोप उडाली आहे. उतारावर चिखल होता, गाडी फोर-एलमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू आणि जास्त जोराचा टप्पा) पहिल्या गिअरला होती, मागे चार भरलेले कॅन आणि शेजारी धाकटा भाऊ. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि ट्रान्सफरचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) छोटा दांडा 'खट्' करून आपोआप सुटला. इंजिनाची पकड गेली आणि गाडी मोकळी धावायला लागली. ब्रेकवर कशीबशी थांबवली. आता चढावरही अधूनमधून तसंच होतं. फोर-एचला (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) मात्र एकदाही सुटला नाही.

दुसरं, ४०-५० च्या वेगाला बुडाखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. तो सहा महिन्यांपासून वाढत चालला आहे. तिसरं, परवा गावातून फोर-एच टाकून निघालो, खाली डांबरी लागली तरी काढायचं राहून गेलं. राजूरला दांडा टू-एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद) येईना. दोन्ही हातांनी ओढूनही हलला नाही.

एका गॅरेजवाल्याने गाडी न उचलताच सांगितलं की ट्रान्सफर खलास झाला, भंगारातल्या गाडीचा अख्खा आणून बसवू. सांगितलेली रक्कम आमच्या हंगामाच्या दुधाची आहे. पैसे टाकण्याआधी जाणत्या माणसाचं ऐकावं म्हणून इथे लिहितोय.

निवृत्त_ईएमई

भाऊ, आधी एक काम करा. फोर-एल सुटतो तोवर त्या उतारावर माणूस बसवून गाडी घालू नका. जिप्सीच्या दांड्याचा क्रम टू-एच, फोर-एच, न्यूट्रल, फोर-एल असा आहे. फोर-एलमधून सुटला की तो न्यूट्रलला येतो, मग वरचा गिअर कितीही घातलेला असला तरी इंजिन आणि चाकं यांचा संबंध उरत नाही. याच कारणाने, ट्रान्सफर न्यूट्रलला असताना 'गिअरमध्ये उभी केली आहे' या भरवशावर गाडी चढाला सोडू नये. चाकाला दगड हवाच.

मी लष्करात ईएमईमध्ये (यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणारा विभाग) बावीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यावर काढली, त्यातली बरीचशी जिप्सीखाली. आता सातारा जिल्ह्यात गावी असतो. तुमचं वाचून मला तरी अख्खा ट्रान्सफर बदलण्यासारखं काही दिसत नाही. तुम्ही एकच आजार समजून सांगताय, पण हे तीन वेगळे आहेत.

दांडा अडकला ते आधी घेतो, कारण त्यात बहुधा काहीच बिघडलेलं नाही. जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतो. फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, दोघांनी सारखंच फिरायचं. पण वळणावर पुढच्या चाकांची वाट लांब असते. व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येत वळला तर पुढच्याचा मध्य साडेपाच मीटरवरून जातो. एका काटकोनी वळणात पुढची चाकं सरासरी ८४ सेंटिमीटर जास्त चालतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या वळत्या सांध्यात) आणि ट्रान्सफरच्या दातांत साठतो. ज्या स्लीव्हला (गिअर जोडणाऱ्या दातेरी कड्याला) तुम्ही सरकवू बघता, तिचे दात त्या पिळाने आवळलेले असतात. ओढून उपयोग नाही, स्लीव्ह सरकवणारा फोर्क वाकेल. स्टिअरिंग सरळ ठेवून चार-सहा मीटर रिव्हर्स घ्या, किंवा एका बाजूची चाकं कच्च्या मातीवर घ्या आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडता सोडता दांडा हलकेच ओढा. लेहच्या बाजूला बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की नवीन पोरं फोर-एच काढायची विसरत आणि थेट पहारीने दांड्यावर तुटून पडत. दांडे वाकलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्या नुसत्या रिव्हर्स घेऊन सुटल्या असत्या.

एक विचारतो. चारही टायर एकाच वयाचे आहेत का? पुढे नवे आणि मागे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही पीळ बसतो. नक्षीत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात ३१ मिलिमीटरचा. या मापाचं चाक किलोमीटरला पावणेपाचशेच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे दर किलोमीटरला पंधरा मीटरचा फरक त्या बिचाऱ्या दातांनी सोसायचा.

आता फोर-एल. इथे घाई नको, जिप्सीची बांधणी समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला असतो. जिप्सीत तो वेगळा आहे. गिअरबॉक्समधून एक छोटा शाफ्ट निघतो आणि ट्रान्सफरला फिरवतो, आणि ट्रान्सफर स्वतः तीन रबरी माउंटिंगवर चेसिसला टांगलेला असतो. आत सगळे गिअरच, साखळी नाही. हायचं प्रमाण १.४०९, लोचं २.२६८, म्हणजे ताकद तेवढ्या पटीने वाढते.

इंजिनाची ताकद, म्हणजे पीळ, साधारण १०० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरला ती साडेतीन पटीच्या वर जाते, म्हणजे ट्रान्सफरच्या तोंडाशी साधारण ३६५. लोमध्ये बाहेर पडताना ती होते ८२८. हा जो साडेचारशेच्या वरचा फरक, तेवढा उलटा पीळ ट्रान्सफरच्या हौसिंगवर (बाहेरच्या कवचावर) येतो. एक मीटर पहारीच्या टोकाला सिमेंटचं पोतं टांगलं तर जेवढा जोर पडेल जवळपास तेवढा, आणि तो झेलायला तीन रबरं. हायमध्ये तोच हिशेब दीडशेवर येतो, म्हणजे तिसरा हिस्सा. म्हणून फोर-एच सुटत नाही आणि फोर-एल सुटतो. एखादं रबर फाटलं असेल तर हौसिंग गोल फिरायला बघतं. दांडा हौसिंगवरच बसवलेला आहे, तोही सोबत कलतो आणि मधल्या पत्र्याच्या कडेला टेकतो. पत्राच त्याला ढकलून बाहेर काढतो. पाय काढल्यावर पीळ उलटा होतो, हौसिंग दुसऱ्या बाजूला झटका घेतं, त्या क्षणी हमखास.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, चारही चाकांना दगड. खाली वाकून हौसिंग आणि चेसिसच्या मधे पहार घालून हलकेच उचका. रबराला चीर असेल तर तोंड उघडेल. त्यानंतरही शंका राहिली तर हँडब्रेक पूर्ण ओढून फोर-एल पहिल्यात एकाने क्लच फक्त धरेपर्यंत सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून दांड्याकडे बघायचं. या वेळी गाडीखाली किंवा गाडीसमोर कोणीही असता कामा नये. रबरं ठणठणीत निघाली तरच आतल्या गोष्टींकडे जा: दांडा जागी धरणारी बॉल-स्प्रिंग, फोर्कची झीज, स्लीव्हच्या दातांच्या कडा. चालत्या गाडीत लो घालत असाल तर दात गोल झालेले मिळतील. लो नेहमी गाडी थांबवून, क्लच दाबून.

आवाजासाठी आधी तेल बघा. या ट्रान्सफरमध्ये तेल मावतं जेमतेम ८०० मिली. सील (शाफ्टभोवती तेल अडवणारं कडं) थोडं जरी पाझरलं तरी निम्मं कधी गेलं ते कळत नाही. आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का बघा, मगच खालचा खोला. वरचा गंजून बसलेला असला आणि खालचं तेल काढून टाकलंत, तर गाडी तिथेच उभी राहील.

सफारीवाली_मोहर्ली

ईएमईवाल्या साहेबांनी सगळंच सांगितलं, माझी एक भर. आम्ही ताडोब्यात रोज दोन फेऱ्या मारतो. उन्हाळ्यात धूळ इतकी की ट्रान्सफरच्या श्वासनळीचं (आतली हवा ये-जा करायच्या नळीचं) तोंड बुजतं. हौसिंग तापलं की आतली हवा सीलमधून वाट काढते आणि सील पाझरायला लागतं. तुमच्याकडे धूळ नसेल तर ओढे आहेत. गरम हौसिंग थंड पाण्यात गेलं की ते पाणी आत ओढतं. काढलेलं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर समजा पाणी गेलंय. नुसतं सील बदलून माझ्या गाडीला दोन महिन्यांत परत गळती लागली होती. नळी साफ केली तेव्हा थांबली.

मस्कतहून_विन्या

मी ओमानमध्ये असतो, वाळूत गाडी घालतो. माझ्या गाडीला हाच प्रकार झाला होता. फोर-व्हीलमध्ये जोर लावला की खालून 'कडकड' आणि झटका, टू-व्हीलला एकदम शांत. उघडल्यावर साखळी लांबलेली निघाली, हौसिंगला आतून घासून तिने चर पाडला होता. तुमचीही साखळीच असणार. उघडूनच टाका.

निवृत्त_ईएमई

विन्या, तुमचं निदान तुमच्या गाडीसाठी अगदी बरोबर आहे. साखळीच्या ट्रान्सफरमध्ये टू-एचला ताकद सरळ मागे जाते, साखळीवर जोर पडतच नाही. म्हणून फक्त फोर-व्हीलमध्ये आवाज आला की साखळीवर संशय घ्यायचा. जिप्सीत साखळी नाही, आणि हायलासुद्धा ताकद गिअरांच्या दातांतूनच जाते. तिचा थोडा 'घूं' म्हणूनच जन्माचा असतो. सहा महिन्यांत वाढला ही गोष्ट मात्र जन्माची नाही. उघडण्याआधी आवाज कुठून येतो ते बाहेरून कळतं.

घाटमाथा, सपाट जागी चाकांना दगड लावा. ट्रान्सफर न्यूट्रल, इंजिन चालू, गिअरबॉक्सही न्यूट्रल, क्लच सोडलेला. या वेळी फक्त गिअरबॉक्सचा आतला भाग फिरतो. आता गिअरबॉक्स चौथ्यात घाला, ट्रान्सफर न्यूट्रललाच. छोटा शाफ्ट, ट्रान्सफरचा इनपुट आणि त्याखालचा काउंटर गिअर हेही फिरायला लागतात, चाकं नाहीत. नवा आवाज आला तर तो याच टप्प्यातला. दोन्ही वेळा शांत असेल तर रस्त्यावर टू-एचला एकदा पुढचे हब (पुढचं चाक शाफ्टला जोडणारी कळ) मोकळे ठेवून आणि एकदा लॉक करून चालवा. हब लॉक केल्यावरच आवाज आला तर पुढचा शाफ्ट किंवा पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफरला दोष देऊ नका.

घाटमाथा_७

काका, मनापासून आभार. रविवारी भाऊ आणि मी दिवसभर गाडीखाली होतो.

उजव्या बाजूचं माउंटिंग पूर्ण फाटलेलं होतं. पहार घातली आणि बोट जाईल एवढी फट उघडली. दुसऱ्यालाही चीर आहे. क्लचची चाचणी करायची गरजच पडली नाही. तिन्ही नवी आणून टाकली. काल रिकामी गाडी घेऊन त्याच उतारावर पाच वेळा गेलो, भावाला खाली उभं केलं होतं. एकदाही सुटला नाही.

टायरचं तुम्ही कसं ओळखलंत? दिवाळीत पुढे दोन नवे टाकले होते, पैसे तेवढेच होते. मागचे अगदी तळाला आलेत. दांडा मात्र रिव्हर्स घेतल्यावर तिथल्या तिथे सुटला. दहा मीटरही जावं लागलं नाही.

तेल मापून काढलं, ३०० मिलीच निघालं. काळं होतं पण पांढुरकं नाही. मागच्या बाजूचं सील ओलं आहे. मोहर्लीच्या ताईंनी सांगितलेली नळी बघितली, कुंभारमाशीने मातीने बुजवून टाकली होती. साफ केली, सील मागवलंय, तेल भरलंय. तुमची चाचणीही केली. गिअरबॉक्स एकटा फिरतो तेव्हा शांत. चौथ्यात घातला, ट्रान्सफर न्यूट्रल, की 'घूं' सुरू. नवीन तेलाने आवाज निम्मा झाला, पण गेला नाही.

निवृत्त_ईएमई

रबरं मिळाली आणि उतारावर गाडी राहिली, हे वाचून फार बरं वाटलं.

आवाज आता इनपुट किंवा काउंटरच्या बाजूला आहे. गिअर आणि बेअरिंग यांत फरक करायचा तर सपाट रस्त्यावर पन्नासला अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि सोडा. दाब-सोडीने सूर बदलला तर दात, काहीही केलं तरी तसाच राहिला तर बेअरिंग. काढलेलं तेल फेकलं नसेल तर जुन्या सुती कपड्यातून गाळा आणि त्यात मॅग्नेट फिरवा. राखेसारखा करडा लगदा चालतो, तो झिजेचा आहे. नखाएवढा तुकडा किंवा टोकदार कपची निघाली तर गाडी चालवू नका, मला लिहा.

छोट्या शाफ्टचे दोन्ही क्रॉसही हातात धरून उलटसुलट फिरवून बघा. माउंटिंग फाटून ट्रान्सफर कलला की पहिला मार त्यांना बसतो, आणि त्यांचा आवाज ट्रान्सफरच्या नावावर जातो.

बेअरिंग ठरली तर ट्रान्सफर खाली काढून उघडावा लागेल, पण हौसिंग, गिअर, शाफ्ट तुमचेच राहतील. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तीच बेअरिंग दुकानातून घ्या. उघडलाच आहे तर सगळी सीलं एकदम बदला. भंगारातला ट्रान्सफर आणलात तर त्याने किती गाळ खाल्लाय ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. आणि मागचे टायर घेईपर्यंत फोर-एच फक्त चिखलात, डांबर दिसलं की टू-एच.

घाटमाथा_७

तेल ठेवलंय काका, एका जुन्या कॅनमध्ये. उद्या दूध घालून आलो की गाळतो आणि कपडा उजेडात धरून फोटो टाकतो. क्रॉसही तेव्हाच बघतो.