लिनवुडचं स्टेशन बघून भारावलेल्या भाऊंसाठी

तापीकाठचा
काल गावच्या ग्रुपवर एका भाऊंनी अमेरिकेतल्या लिनवुड स्टेशनाचे सात फोटो टाकले. पोरगा सिएटलला आहे हे पहिल्याच ओळीत आलं. खाली मजकूर असा: चाळीस हजार वस्तीचं उपनगर, तरी एका ठिकाणी लाइट रेल (शहरात चालणारी हलकी विजेची गाडी), बस, पार्किंग सगळं. आपलं भुसावळ २०११ लाच १ लाख ८७ हजारांचं, आणि आपल्याकडे काय? जळगाव-भुसावळ लाइट रेल झालीच पाहिजे! खाली अंगठ्यांचा पाऊस.

भाऊ, जरा हिशोब. लिनवुडपर्यंतची ही लाइन ३० ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली. पावणेचौदा किलोमीटर, चार स्टेशनं, खर्च ३ अब्ज डॉलरच्या घरात. म्हणजे आपले २५ हजार कोटी. त्याच वर्षी मनमाड-इंदूर रेल्वे मंजूर झाली, ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटींत. आता बोला.

आणि जळगाव-भुसावळमध्ये रुळांचा दुष्काळ आहे का? पंचवीस किलोमीटर, एक्स्प्रेसने अर्धा तास. लिनवुडहून सिएटलच्या मध्यात जायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. फोटोत दिसत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. लाइन सुरू झाल्यावर तिथल्या थेट सिएटलला जाणाऱ्या बस लिनवुडलाच थांबवल्या आणि वाचलेल्या फेऱ्या आसपासच्या वस्त्यांना दिल्या. गाडी आणि बस दोन्हींना एकच कार्ड चालतं. स्टेशनाची काच नाही हो, वेळापत्रक बघा.

आमच्या गावची शेवटची बस रात्री सव्वानऊची. पॅसेंजर येते नऊ वीसला, तीही आली तर. मागच्या पावसाळ्यात पुलाच्या ओल्या जिन्यावरून पिशवी छातीशी धरून उतरलो, तर कोपऱ्यावर बसचा मागचा लाल दिवा वळताना दिसला. रिक्षावाल्याने साडेतीनशे घेतले आणि वर विचारलं, "काका, रोजचेच का?"

पासधारक
अर्धा तास? तुम्ही शेवटचा प्रवास कधी केला? आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, गाडी उभी राहिली की खिडकीतून स्टेशन दिसतं, उतरता येत नाही. अठरा वर्षं पास काढतोय. लाइट रेलची थट्टा करायला सोपं आहे, पण स्वतंत्र रूळ असले तर मालगाडीला आधी सोडण्यासाठी आम्हाला कुणी थांबवणार नाही.

तापीकाठचा
तिसरी लाइन झाली, चौथी झाली. आता पाचवी तुमच्या पाससाठी टाकायची का?

पासधारक
टाका की. पास फुकट मिळत नाही मला.

देवपूरचा
खान्देश म्हणजे जळगाव-भुसावळ एवढाच का भो? धुळ्याला चाळीसगावहून रेल्वेचा एक फाटा आला, सव्वाशे वर्षं झाली, ५६ किलोमीटर येतो आणि संपतो. पुढे रूळच नाहीत. मनमाड-इंदूर झाली की गाड्या-बस एकत्र येण्याचं खरं हब धुळे होईल, तेव्हा तुम्ही आमच्या स्टेशनाचे फोटो टाकाल.

सातपुड्याखालची
तुम्ही दोघं भांडा. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, एकालाही रूळ नाही. आमचं हब म्हणजे फाट्यावरचं निंबाचं झाड. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, पण अर्ध्या तिकिटाला रात्री आठनंतर बस तर पाहिजे ना? आणि थांबायचं तर दिवा असलेल्या जागी. मला काचेचं स्टेशन नको, ट्यूबलाइट द्या.

शेंदुर्णीकर
एवढे सगळे बोलले, एकालाही पीजे आठवली नाही! लाइट रेल आपल्याकडे होती. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी गेज. २०२० ला लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच.

पासधारक
ती नॅरोगेज. लाइट रेल नव्हे. पोरांच्या खेळण्यातली गाडीही लाइट असते.

शेंदुर्णीकर
तोंड सांभाळून. त्या खेळण्याने मला कॉलेजात नेलं.

पासधारक
५६ किलोमीटरला दोन तासांच्या वर घेणारी गाडी! लोक उतरून शेतातल्या शेंगा तोडून परत चढायचे म्हणे.

शेंदुर्णीकर
ही शेंगांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात. तीन वर्षं रोज गेलो, एकही शेंग खाल्ली नाही. हळू होती, कबूल. पण दूधवाल्याचे कॅन, माळवं, बाजाराची बाई, तिची कोंबडी, सगळ्यांना घ्यायची. तिकीट एवढं कमी की कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडायचा प्रश्नच नव्हता.

देवपूरचा
म्हणजे तोट्यातच ना? चूल तुमची, सरपण आमचं.

शेंदुर्णीकर
चाळीसगावच्या फाट्याने किती नफा कमावला ते पण सांगा दादा. आणि पीजे आता ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जायची आहे, तेव्हा रडू नका.

तापीकाठचा
विषय काय होता आणि कुठे नेला! मी बसच्या वेळेबद्दल लिहिलं होतं.

शेंदुर्णीकर
त्यावरच येतोय. पाचोऱ्याला संध्याकाळी मेन लाइनची पॅसेंजर उशिरा आली तर आमच्या वेळचा गार्ड हातात हिरवी झेंडी गुंडाळून उभा राहायचा. पुलावरून माणसं उतरायची, शेवटची म्हातारी डब्यात चढली की झेंडी उघडायची. मुंबईहून येणारा मामा तेवढ्यासाठी कधी मुक्कामी राहिला नाही.

तापीकाठचा
म्हणजे गाडी गाडीसाठी थांबत होती. माझंच म्हणणं माझ्याशी भांडून सिद्ध केलंत, उपकार झाले.

स्टेअरिंगवाला (निवृत्त)
सगळे शहाणे बोलून झाले असतील तर मी बोलतो. एकतीस वर्षं बस चालवली. "बसने थांबावं" म्हणता, किती? गाडी दहा मिनिटं लेट की दीड तास, हे मला कोण सांगणार? रेल्वेचा फोन वाहतूक नियंत्रकाला येत नाही. आत पस्तीस माणसं बसलेली, एकाच्या पोराला ताप, एकीला शेवटच्या फाट्यावरून पुढे दोन किलोमीटर पायी जायचंय. तुमच्यासाठी त्यांना ताटकळत ठेवू?

तापीकाठचा
गाडी कुठे आहे ते आता फोनमध्ये दिसतं, काका.

स्टेअरिंगवाला (निवृत्त)
दिसतं ना. "पाच मिनिटांत पोहोचेल" हे पाऊण तास दिसतं.

पासधारक
हे मात्र खरं आहे. नाइलाजाने काकांच्या बाजूने.

सातपुड्याखालची
काका, पण सव्वानऊची बस पहिल्यापासून पावणेदहाची केली तर कुणालाच वाट बघावी लागणार नाही. आत बसलेली पस्तीसही तेव्हाच येतील.

स्टेअरिंगवाला (निवृत्त)
ताई, ते मी लिहून दिलं होतं. गाडी मुक्कामी असते, पावणेदहा केली की चालकाची ड्युटी अर्ध्या तासाने वाढते, सकाळची पहिली फेरी मग विश्रांतीच्या नियमात अडकते. त्या अर्ध्या तासासाठी दुसरा चालक पाहिजे. एकदा मी स्वतःच्या जिवावर बारा मिनिटं थांबलो. नऊ प्रवासी मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी मेमो.

देवपूरचा
नऊ प्रवाशांचे पैसे आले ना पण?

स्टेअरिंगवाला (निवृत्त)
पैसे डेपोला, मेमो मला.

तापीकाठचा
काका, मी चालकांना दोष दिला नव्हता. दिला असं वाटलं असेल तर तेवढी ओळ मागे घेतो. तेवढीच. एका चालकाचा पगार २५ हजार कोटींपेक्षा नक्कीच कमी असेल.

फोटोवाला
माझ्यावर एवढं रामायण चाललंय हे आता कळलं. पोराला फोन करून विचारलं, लिनवुडला शेवटच्या गाडीला बस थांबते का रे? तो म्हणाला, "पप्पा, मला माहीत नाही. मी कार लावतो. तिथे १९०० गाड्यांचं पार्किंग आहे."

सातपुड्याखालची
बघा, त्याला पण बस नाहीच!

स्टेअरिंगवाला (निवृत्त)
पोराला सांगा, चालक लागले तर कळव. हेवी लायसन आहे माझ्याकडे.